पद्मिनीची समोरची काच बदलणे : टफन्डच्या जागी लॅमिनेटेड, रबर, गंज, गळती

पारोळा_पद्मिनी
राम राम मंडळी. गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. समोरची काच मूळची, टफन्ड. वायपरने घासून दोन अर्धगोल पडलेत. संध्याकाळी धुळ्याकडे तोंड करून निघालं की ऊन समोरून येतं आणि त्या अर्धगोलांतून रस्ता दिसेनासा होतो. रबर दगडासारखं झालंय, कोपऱ्यांत भेगा आहेत. विचारायचंय ते असं:
लॅमिनेटेड काच बसते का? रबर जुनंच चालेल का? काम पारोळ्यातच, अंगणात दोघा-तिघांत होण्यासारखं आहे का, की धुळे-जळगावला न्यावी? यंदा आरसी रिन्यूअल आहे, आरटीओत काचेवरून अडवतील का? पाऊस सुरू व्हायच्या आत उरकायचंय.

पांझरा_काच (धुळे)
भाऊ, आधी घासलेल्या काचेचं बोलतो. नखाला लागत नाहीत असे बारीक ओरखडे सेरियम ऑक्साइडने पॉलिश होतात. नख अडकत असेल तर नाद सोडा. तेवढी काच घासून काढली की तिथे खळगा पडतो, त्यातून रस्ता वाकडा दिसतो आणि समोरच्या गाडीचे दिवे फाकतात. तुमचं वर्णन वाचता काच बदलणंच बरोबर.

लॅमिनेटेड बसते आणि लॅमिनेटेडच बसवा. टफन्ड फुटते तेव्हा तिचा एका क्षणात चुरा होतो किंवा ती जागेवरच पांढरी होऊन पुढचं काही दिसत नाही. ताशी ६० च्या वेगात हे फार वाईट. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, बहुतेक ०.७६ मिमीचा. दगड लागला तर तडा जातो, पण काच जागेवर राहते आणि गाडी बाजूला घेण्याइतकं दिसतं. आपल्याकडे महामार्गावर खडीचे डंपर कायम पुढे असतात, तेव्हा हा फरक कागदावरचा समजू नका.

घेताना तीन गोष्टी बघा. एक, काचेच्या कोपऱ्यात कोरलेली खूण: आयएसआय चिन्ह, आयएस २५५३ हा मानक क्रमांक, आणि लॅमिनेटेड असल्याचा उल्लेख. नुसता स्टिकर असेल तर घेऊ नका. दोन, कड. कडेकडून पाहिलं की मधली रेघ दिसली पाहिजे. हातमोजा घालून सगळ्या कडेवरून बोट फिरवा. टवका उडालेला असेल, विशेषतः कोपऱ्याजवळ, तर ती काच परत करा, कारण तडा तिथूनच सुरू होतो. तीन, जाडी. हे लोक विसरतात. जुनी टफन्ड साधारण ५ मिमी असते, लॅमिनेटेड ५.५ ते ६.५ मिमीपर्यंत येते. व्हर्नियरने दोन्ही मोजा. अर्धा मिमी जास्त असेल तर रबर सांभाळून घेतं, एकच्या पुढे गेलं तर खाच मोठी असलेलं रबर लागेल. पाचच्या खाचेत साडेसहाची काच कोंबली की रबराचा ओठ काचेवर टेकत नाही, उघडा राहतो. मग कितीही सीलंट भरा, कोपऱ्यातून पाणी येणारच.

केळीपट्टा (रावेर)
काच मिळते कुठे ते पण सांगा. इकडे काचवाल्यांकडे मारुती-बोलेरोच्या असतात. पद्मिनी म्हटलं की हात वर करतात.

पांझरा_काच (धुळे)
दोन वाटा आहेत. मुंबईत पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होत्या, त्यामुळे कुर्ल्याकडच्या सुट्या भागांच्या दुकानांत अजून विचारपूस करता येते. दुसरी वाट म्हणजे जुनी अखंड काच नमुना म्हणून देऊन साच्यावर वाकवून घेणे. म्हणूनच नवी हातात येईपर्यंत जुनी फोडू नका, भंगारातही देऊ नका.

आणायची पद्धत महत्त्वाची. वाकडी काच कधीही आडवी ठेवून आणू नका. कडेवर उभी, लाकडी चौकटीत, खाली जाड थर्माकोल किंवा रबराची पट्टी, काच आणि लाकूड कुठेही थेट टेकता कामा नये. पोकळी चिंध्यांनी नको, चिंध्या प्रवासात खाली बसतात आणि काच हलायला लागते. ट्रान्सपोर्टने मागवली तर पावतीवर सही करण्याआधी पेटी उघडा. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर हमाल घाई करतील, तरी थांबवा.

तापी_गॅरेज (भुसावळ)
काचेवर चर्चा झाली, आता चौकटीवर येऊ. काच बदलली तरी गाडी गळते, नवी काच आपोआप तडकते, अशा तक्रारींत दोष बहुतेक वेळा काचेचा नसतो, ती ज्या पत्र्यावर बसते त्या कडेचा असतो. म्हणून काच काढल्यावर त्याच दिवशी नवी बसवायची घाई करू नका. मधले तीन-चार दिवस पत्र्यासाठी राखून ठेवा.

काढताना: वायपरचे आर्म, आतला आरसा, सन-वायझर काढा. रबराच्या खाचेत चकचकीत पट्टी असेल तर आधी तिचा जोड शोधून तिथून बोथट प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला. पेचकस घातला तर पट्टी मुरगळते, आणि मुरगळलेली पट्टी पुन्हा सरळ दिसत नाही. डॅशबोर्डच्या वर काचेला हवा येण्याच्या ज्या फटी आहेत त्यांत कापड कोंबून वरून मास्किंग टेप लावा. टफन्ड फुटली तर मणी त्या फटींत जातात आणि पुढची कित्येक वर्षं ब्लोअरमधून खडखड येत राहते. काचेवर आतून-बाहेरून टेपचे आडवे-उभे पट्टे मारा. चष्मा आणि हातमोजे घालूनच हात लावा. टफन्ड काचेची ताकद तिच्या सपाट भागात, कड नाजूक. कडेला लोखंड लागलं की संपलं.

जुनं रबर वाचवू नका. ब्लेडने बाहेरचा ओठ काचेला समांतर चारी बाजूंनी कापून काढा. मग काच नुसती टेकलेली राहते. एकाने आतून वरच्या कोपऱ्याजवळ दोन्ही तळहातांनी सावकाश ढकलायचं, दोघांनी बाहेर धरायचं. रबर न कापता आतून पायाने रेटणारे बघितलेत, त्याने वरचा पत्रा फुगतो.

एक मात्र करा. रबराचे दोन तुकडे जपून ठेवा, १० सेंमीचा एक सरळ भागातला आणि एक कोपऱ्यातला. दुकानात "पद्मिनीचं रबर द्या" म्हणण्यापेक्षा तो तुकडा काउंटरवर ठेवा आणि कापलेली बाजू जुळवून बघा. काचेची खाच, पत्र्याची खाच, दोन्हींची रुंदी आणि खोली. 'सगळ्या मॉडेलला चालतं' असं सांगून भलताच छेद असलेलं रबर गळ्यात मारतात.

मेहरूण_१९ (जळगाव)
रबराबद्दल भर घालते. नवं रबर विकत घेताना ते पूर्ण दुमडून बघा. घडीवर पांढरी रेघ किंवा बारीक भेगा दिसल्या तर ते रबर आपल्या उन्हाला एक उन्हाळाही पुरणार नाही. ईपीडीएम जातीचं कृत्रिम रबर मागा, उन्हाला तेच टिकतं. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या आसपास असतो, उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. त्या तापात हलकं रबर आकसतं. आकसलं की कोपऱ्यांतून काचेवरून उचललं जातं आणि जोड उघडतो.

ऑइल, ग्रीस, व्हॅसलीन यांतलं काहीही ईपीडीएमला लावू नका, ते फुगून मऊ पडतं. बसवताना साबणाचं पाणी, आणि नंतर वर्षातून दोनदा ग्लिसरीन किंवा सिलिकॉनचं रबर-ड्रेसिंग. टायर चमकवायचं काळं पाणी तर अजिबात नको.

पारोळा_पद्मिनी
सगळ्यांचे आभार. काच अखंड निघाली. रबर कापून काढलं. चौकटीची खालची कड पेचकसाच्या टोकाने टोचत गेलो. ड्रायव्हरच्या बाजूच्या कोपऱ्यात टोक आत गेलं. साधारण १० सेंमी पट्टी सडलीय, बाकी वरवरचा गंज आहे. आधी कुणीतरी तिथे लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला दिसतो. डेंटर म्हणतो पुन्हा लांबी भरून देतो, दोन तासांचं काम.

तापी_गॅरेज (भुसावळ)
लांबी नको. त्या कडेवर रबर चिमट्यासारखं घट्ट बसतं, काचेचं वजन आणि गाडीचे हेलकावे तीच कड झेलते. लांबी तिथे तडकते, आत पाणी शिरतं आणि वरून काहीच दिसत नाही. तुमच्या कोपऱ्यात नेमकं हेच झालंय. सडलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा, ०.८ ते १ मिमी, मिग वेल्डिंगने टाके मारून लावायला सांगा. गॅस वेल्डिंगला नाही म्हणा, एवढ्या पातळ पत्र्याला गॅसची धग लागली की कड लाटेसारखी वाकते. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा, डॅशबोर्डवर आणि वायरिंगवर ओलं गोणपाट टाका.

टाके घासून सपाट करा. मूळ कड दोन-तीन पत्रे जोडून झालेली असते, तिची जाडी निरोगी भागात व्हर्नियरने मोजा आणि जोडलेला भाग त्याच जाडीचा झाला का ते बघा. तिथे एक-दीड मिमीचा उंचवटा राहिला तर रबर काचेला तिथे बाहेर ढकलतं. टफन्ड काच असला दाब सोसते. लॅमिनेटेडचे दोन्ही थर पातळ, ती सोसत नाही. मग बसवल्यावर आठ-पंधरा दिवसांत कोपऱ्यातून एक तडा निघतो, दगड लागल्याची खूण कुठेच नसते आणि शिव्या काचवाल्याला बसतात.

बाकीचा गंज: तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. खड्ड्यांत उरलेल्या काळ्या ठिपक्यांना फॉस्फोरिक आम्लवालं गंजनाशक, डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकं. मग धुवून लगेच पूर्ण कोरडं करायचं. इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर रंगाचे दोन पातळ हात. जाड रंग नको. आणि रंग बोटाला कोरडा लागला म्हणजे आतून वाळला असं नाही. कच्च्या रंगावर रबर चिकटतं आणि काच बसवताना रबराच्या खाचेतली दोरी ओढली की रंगासकट निघतं. निदान दोन दिवस उन्हात उभी करा.

काच काढलीच आहे तर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून टाका. चारी कोपऱ्यांत जिथे गोलाई सुरू होते तिथे पेन्सिलने खूण करून सुतळी ताणा.

पारोळा_पद्मिनी
मोजले. फरक ५ मिमी. डावा वरचा ते उजवा खालचा हा कर्ण लांब आहे. काळजीचं आहे का?

तापी_गॅरेज (भुसावळ)
३ पर्यंत मी सोडून देतो. ५ आहे म्हणजे बघायला हवं, पण घाबरू नका, आधी मोजमापाची खात्री करा. गाडी सपाट फरशीवर आहे का? चारी टायरांत हवा सारखी आहे का? जॅकवर असेल तर खाली उतरवा आणि पुन्हा मोजा. मोनोकॉक बॉडी आहे, म्हणजे वेगळी चॅसी नाही, एका कोपऱ्यावर जॅक लावला की तेवढा पीळ पडू शकतो. दरवाजे बंद करून पिलरजवळची फट वर-खाली सारखी आहे का तेही बघा. तिथे फट सारखी असेल तर बॉडी सरळ आहे, चूक खुणांत आहे.

खरी परीक्षा कोरड्या जुळणीची. रबर न लावता, कडेवर रबराचे सारख्या जाडीचे सहा-आठ तुकडे चिकटवा आणि नवी काच त्यावर हलकेच टेकवा. तिघे लागतील. आता कडेपासून काचेचं अंतर चारी बाजूंनी बघा. सगळीकडे सारखं आलं तर कर्णातला फरक विसरा. एखाद्या कोपऱ्यात ३-४ मिमी जास्त उघडं राहिलं तर काचेचा बाक चौकटीशी जुळत नाही. दाबून बसवू नका, ती काच परत.

पारोळा_पद्मिनी
गाडीचा मागचा एक टायर बसलेला होता. हवा भरून मोजलं, फरक २ वर आला. कोरडी जुळणी केली, काच चारी बाजूंनी सारखी बसते. आता दोरी ओढून काच कशी बसवायची ते कोणी नीट सांगा. आणि किती वाजता करू? दुपारी इथे पत्र्याला हात लावता येत नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
सकाळी सात ते दहा. दुपारी पत्रा प्रसरण पावलेला, साबणाचं पाणी क्षणात वाळतं, आणि तापलेल्या काचेवर गार पाण्याचा हबका बसला तर तडा. रबर तेवढं आदल्या तासात कोवळ्या उन्हात ठेवा, मऊ पडलेलं बरं. हिवाळ्यात हेच काम दुपारी करायचं, कारण डिसेंबरच्या सकाळी रबर वळत नाही.

साहित्य: ४ ते ५ मिमीची गुळगुळीत नायलॉन दोरी, पाच मीटर. पद्मिनीच्या काचेच्या घेराला पुरून वर टोकं हातात राहतात. सुतळी नको, ओली झाली की फुगते आणि खाचेतच तुटते. फार बारीक दोरीही नको, ती ओठ कापते. एक मग पाण्यात दोन चमचे भांडी घासायचा पातळ साबण. धुण्याची पावडर नको, तिचे दाणे राहतात. बोथट लाकडी पट्टी, स्वच्छ फडकी, सतरंजी. माणसं तीन.

सतरंजीवर काच ठेवा, बाक वर. रबर काचेवर कोपऱ्यांपासून चढवा, मग सरळ बाजू. रबर अखंड गोल असेल तर उत्तम. लांबीवर मिळणारं असेल तर घेरापेक्षा १०-१२ मिमी जास्त कापा. ओढून-ताणून बरोबर मापात बसवलं की पहिल्या उन्हाळ्यात आकसून जोड उघडा पडतो. जास्तीचं रबर कोपऱ्यांकडे ढकलत बसवा, शेवटी दोन्ही तोंडं एकमेकांवर दाबली गेली पाहिजेत. तोंडं काटकोनात, नव्या ब्लेडने, एका झटक्यात कापायची आणि रबराच्या सोल्युशनने चिकटवायची.

आता बाहेरच्या खाचेत, म्हणजे जी पत्र्याच्या कडेवर बसणार आहे तीत, दोरी चारी बाजूंनी बसवा. टोकं खाली मधोमध आणि एकमेकांवरून १५ सेंमी पुढे गेलेली. दोन्ही टोकं गाडीच्या आत येतील अशी ठेवून काचेला आतून टेपने चिकटवा. कडेला आणि खाचेला साबणाचं पाणी सढळ हाताने लावा.

दोघांनी काच उचलून आधी खालची बाजू कडेवर बसवायची, मग वरची टेकवायची. काच मधोमध आहे का ते दोन्ही पिलरपासून मोजा. हे आत्ता नाही बघितलं तर नंतर सरकत नाही. आतला माणूस एक टोक धरून ओढायला लागतो. दोरी काचेच्या मध्याच्या दिशेने, कडेला काटकोनात ओढायची. कडेला समांतर ओढली तर ओठ फाटतो. दोरी निघते तसा तिच्या मागोमाग रबराचा ओठ कडेवरून उलटून आत पडतो. साबणाचा फेस वर येतो आणि 'चप्प' असा आवाज होतो, तो ऐकला की तेवढा भाग बसला. बाहेरच्याने नेमकं त्याच जागी तळहाताने काच दाबून धरायची आणि दोरीबरोबर हात पुढे न्यायचा. दोघांनी एकमेकांना जागा बोलून दाखवत राहावं. आधी खालची बाजू मधून एका कोपऱ्यापर्यंत, मग दुसऱ्या टोकाने दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, मग दोन्ही बाजू, शेवटी वर. कोपऱ्यात दोरी अडली तर जोर लावू नका. पुन्हा साबणाचं पाणी सोडा, लाकडी पट्टीने ओठ किंचित उचला आणि अर्ध्या-अर्ध्या इंचाने काढा.

बसल्यावर तळहाताच्या गादीने काचेच्या कडेकडेने थोपटत फिरा. मूठ नको, रबरी हातोडीही नको. चकचकीत पट्टी किंवा फिलर सगळ्यात शेवटी. ती खाचेत पाचरीसारखी बसते आणि दोन्ही ओठ दाबून धरते. ती घातल्यावर काच हलवता येत नाही, म्हणून घालण्याआधी एकदा दूर उभं राहून काच तिरकी नाही ना ते बघून घ्या.

मेहरूण_१९ (जळगाव)
रबराचा जोड कुठे यावा हे राहिलं. खाली मधोमध आला तर सगळं पाणी तिथेच साठतं. मी वर मधोमध सांगेन.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
ताई, वर आला आणि उघडला तर पाणी छताच्या अस्तरात मुरतं, डाग पडेपर्यंत कळत नाही. खाली आला तर डॅशबोर्डवर लगेच दिसतं. म्हणून मी खाली सांगतो. पण तुमचा मुद्दाही खरा, खालच्या जोडावर पाणी जास्त वेळ थांबतं. जोड दाबून बसला असेल आणि आत सीलंट असेल तर दोन्हीकडे चालतो. कोपऱ्यात मात्र कधीच नको.

पांझरा_काच (धुळे)
सीलंटवर बोलतो, कारण इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. ते वाळताना ॲसिटिक आम्ल सोडतं, पत्र्याच्या कडेला गंज तिथूनच धरतो. आजच्या गाड्यांच्या काचा ज्या पीयूने (पॉलियुरेथेनच्या गोंदाने) चिकटवतात तेही नको. या गाडीची काच रबरावर तरंगती असते, गाडी पिळवटली की ती थोडी सरकली पाहिजे. चिकटवून टाकली की ती पत्र्याचा पीळ स्वतःवर घेते. पुढच्या वेळी काढायची म्हटलं तर फोडूनच काढावी लागते.

न वाळणारं, मऊ राहणारं काळं मस्तिक मिळतं, ते घ्या. ३०० मिलीची एक ट्यूब भरपूर झाली. साबणाचं पाणी पूर्ण वाळू द्या, म्हणजे सीलंट दुसऱ्या दिवशी. आधी काच आणि रबर यांच्यामध्ये बाहेरचा ओठ उचलून नळीचं तोंड आत घाला आणि ३-४ मिमीची सलग रेघ सोडा. मग रबर आणि पत्रा यांच्यामध्ये. बाहेर आलेलं रॉकेलमध्ये किंचित बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसा. थिनर नको, रंग उतरवतं, आणि लॅमिनेटेडच्या कडेला पोचलं तर आतला पापुद्रा सुटून पांढरट डाग आत सरकत जातो. तो डाग परत जात नाही.

आरटीओचं: केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत यायला हवा. साधी पांढरी लॅमिनेटेड असेल तर प्रश्नच नाही. हिरवट रंगाची घेत असाल तर कोरलेली खूण बघून घ्या. काळी फिल्म लावू नका. लॅमिनेटेडची सक्ती नव्वदीच्या दशकात सुरू झाली, ती त्यानंतर बनलेल्या गाड्यांना आहे, ८६ च्या गाडीला नाही, तरी बसवलेली चांगलीच. तपासणीत तडा, वायपर आणि वॉशरचं पाणी बघतात, तेव्हा वायपरची रबरं नवी घाला. नव्या काचेवर जुनी रबरं म्हणजे पुन्हा तेच अर्धगोल. आपल्याकडे एप्रिल-मेची धूळ काचेवर असते, कोरडा वायपर फिरवला की ती पॉलिश पेपरचं काम करते. आधी पाणी, मग वायपर.

सातपुडा_जीप (शिरपूर)
जीपवाल्यांसाठी: जुन्या महिंद्रा जीपची समोरची काच सपाट असते, त्यामुळे ती लॅमिनेटेड शीटमधून मापाने कापून मिळते. टफन्ड एकदा तयार झाली की कापता येत नाही, हे ध्यानात ठेवा. कापल्यावर कड घासून घ्या. माप चौकटीच्या आतलं घेऊन चारी बाजूंनी ३ मिमी कमी ठेवा.

केळीपट्टा (रावेर)
भारी माहिती शे भाऊ. घरी १९६८ ची अ‍ॅम्बेसेडर आहे, विंटेज गाड्यांच्या 'व्हीए' नंबरसाठी अर्ज करायचाय. लॅमिनेटेड काच बसवली तर 'मूळ स्वरूपात नाही' म्हणतील का?

तापी_गॅरेज (भुसावळ)
५० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ चा जो नियम आला त्यात चॅसी, बॉडी शेल आणि इंजिन यांतले मोठे बदल नकोत असं आहे. त्याच आकाराची काच त्याच रबरात बसवणं हा बदल नाही. जुनी काच बसवण्यालायक असेल तर घोंगडीत गुंडाळून उभी ठेवून द्या.

अ‍ॅम्बेसेडरला पद्धत हीच. फक्त काच जड, तेव्हा चौथा माणूस घ्या आणि दोरी ५-६ मिमीची.

मेहरूण_१९ (जळगाव)
विम्याचं एक. काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, त्यामुळे सर्वसमावेशक विमा असेल तर दगडाने फुटलेल्या काचेचा दावा परवडतो. पण बहुतेक जुन्या गाड्यांना नुसता थर्ड पार्टी असतो, त्यात काच येत नाही. झिजलेली काच बदलणं तर कुठल्याच विम्यात बसत नाही.

पारोळा_पद्मिनी
काच बसली. सीलंट काल भरलं. पाण्याची चाचणी केली तर ड्रायव्हरच्या पायाजवळ थोडं पाणी येतंय. काचेच्या आतल्या कडेला मात्र बोट फिरवलं तर कोरडं लागतं. प्रेशर वॉशरने पाणी मारलं होतं.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
प्रेशर वॉशरने चाचणी करू नका. तो दाब चांगल्या रबराचाही ओठ उचलतो आणि ओलं मस्तिक धुऊन नेतो. साधी बागेची नळी, तोंड न दाबता, पाणी नुसतं वाहू द्यायचं. खालून सुरुवात करा: आधी काचेच्या खालचा पत्रा, पाच मिनिटं. मग खालची कड, मग बाजू, शेवटी वर. प्रत्येक टप्प्याला आतला माणूस बॅटरी घेऊन बघेल. आतल्या कडेला खडूची पूड लावून ठेवा, थेंब आला की रेघ उमटते. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून वाहतं आणि कुठून आलं ते कळत नाही.

तुमची आतली कड कोरडी असेल तर काचेवर संशय नको. वायपरच्या दांड्या जिथे पत्र्यातून बाहेर येतात तिथली रबरी वायसर बघा. चाळीस वर्षांची असेल तर तिचा भुगा झालेला असतो, आणि तिथलं पाणी डॅशबोर्डच्या मागून सरळ पायाशी उतरतं.

पारोळा_पद्मिनी
वायसरच निघाली. ड्रायव्हरच्या बाजूची तर हातात आल्यावर तुटली. दोन्ही नवीन घातल्या, खाली मस्तिक लावलं. नळीने खालून वर सगळे टप्पे केले, खडू कोरडा. आता काचेला काही दिवस सांभाळायचं का?

तापी_गॅरेज (भुसावळ)
आठवडाभर दरवाजे आपटताना एक खिडकी थोडी उघडी ठेवा, बंद गाडीत हवेचा दाब काचेवर येतो. खराब रस्ता आणि कन्नडचा घाट एवढ्यात नको. पंधरा दिवसांनी रबर थोडं बसलेलं असेल, तेव्हा चारी कोपऱ्यांत ओठ उचलून बघा आणि मस्तिक कमी पडलं असेल तिथे भरा. ट्यूबचं तोंड खिळा घालून बंद करून ठेवा, तेवढ्यासाठी नवी आणायला नको.

पांझरा_काच (धुळे)
आणि जुनी टफन्ड विकू नका. रावेरच्या भाऊंसारखं कुणाला पद्मिनीसाठी साचा करायला नमुना लागेल. उभी ठेवा, खाली रबर, वर कापड.